बिनगेटची नोकरी

देवळाली कॅम्पात नोकरीला गेट लागतं. गेट असेल तर नोकरी, नसेल तर नुसता उद्योग. ‘काहीतरी उद्योग करतो’ हे वाक्य आमच्याकडे दहाव्याला जमलेल्या मंडळींच्या सुरात म्हटलं जातं.

गेटांची आम्हाला कमतरता नाही. तोफखान्याच्या शाळेला गेट आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती काकूलहून इथे आली आणि तेव्हापासून आमच्या खिडक्यांची तावदानं सरावाच्या दिवशी थरथरत आली आहेत. नाशिकरोडला १९२५ पासूनची इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि शेजारी १९२८ पासूनची नोटांची प्रेस. तिथे तर आत जाताना ओळखपत्र आणि बाहेर येताना झडती. ज्याची रोज झडती होते त्याला मुलगी द्यायला हरकत नाही, असा आमच्या पंचक्रोशीतला तीन पिढ्यांचा हिशेब आहे. तिकडे ओझरला १९६४ पासून विमानांचा कारखाना. त्याची बस कोपऱ्यावर थांबते आणि ती थांबताना सगळी गल्ली बघते, हे पगाराइतकंच महत्त्वाचं.

अशा गावात एखादा मुलगा लॅम रोडवरच्या घराच्या गॅलरीत अर्ध्या चड्डीवर लॅपटॉप घेऊन बसतो आणि म्हणतो, मी वेब डेव्हलपर आहे. मग स्थळ बघायला आलेले मुलीचे मामा बापाला विचारतात,

“मुलगा काय करतो?”

“वेब डेव्हलपर आहे.”

“ते झालं. पण जातो कुठे?”

“जात कुठे नाही. घरूनच असतं काम.”

“असं असं,” मामा पोह्यातली मिरची बाजूला काढतात, “म्हणजे अजून लागला नाही.”

बाप अभिमानाने सांगायला जातो की तो वेबसाइट बनवतो. कोणाच्या? लोकांच्या. यावर मामांच्या चेहऱ्यावर जे येतं त्याचा मजकूर साधारण असा असतो: हुशार मुलगा दिसतो, मग स्वतःची का नाही बनवत?

आमच्या इमारतीखाली चहाची गाडी आहे. या वेब डेव्हलपर मंडळींची कचेरी तीच. गेली काही वर्षं मी त्यांना वरून आणि कधी खाली उतरून न्याहाळतो आहे. माझं निरीक्षण असं की यांच्यातला एकही जण या धंद्यात सरळ रस्त्याने आलेला नाही. डॉक्टर होणारा बारावीपासून डॉक्टर व्हायला निघालेला असतो. वकिलाचा मुलगा शाळेतच वाद घालायला लागतो. पण वेब डेव्हलपरला “तू आधी काय करत होतास?” असं विचारा, तो एक घोट घेतो, लांब बघतो आणि म्हणतो, “मोठी स्टोरी आहे, काका.” मग ती स्टोरी दुसरा चहा सांगितल्याशिवाय संपत नाही आणि त्याचे पैसे काकांनी द्यायचे असतात.

याला कारण आहे. या धंद्याचं गेट पहिल्या दिवसापासूनच बसवायचं राहून गेलं.

टिम बर्नर्स-ली या माणसाची पदवी भौतिकशास्त्राची. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत कागदपत्रांचा जो गुंता झाला होता तो सोडवायला त्याने १९८९ साली एक योजना लिहून दिली. साहेबांनी त्यावर शेरा मारला की प्रकार मोघम आहे, पण गमतीचा आहे. आमच्या कोणत्याही कार्यालयात मोघम शेऱ्याचा अर्ज त्रुटी काढून परत आला असता आणि जगाचं काम आणखी पंचवीस वर्षं टपालाने चाललं असतं. तिथे तो पुढे सरकला. ३० एप्रिल १९९३ ला सर्नने जाहीर केलं की हे सगळं कोणीही वापरा, फुकट. त्यात भर म्हणजे ब्राउझरमध्येच अशी सोय आली की समोरचं पान कसं बनवलंय ते कुणालाही आतून बघता यावं. हलवायाने मिठाईबरोबर कृती बांधून द्यावी तसला हा प्रकार. अशा धंद्यावर पहारेकरी बसवणार कुठे?

पुढचे मानकरीही याच वळणाचे. रासमुस लेरडॉर्फ नावाच्या ग्रीनलँडमध्ये जन्मलेल्या एका गृहस्थाने आपला बायोडाटा वेबवर टाकला. तो कोण कोण बघून जातंय हे कळावं म्हणून त्याने काही छोटी हत्यारं लिहिली. त्यांचंच पुढे पीएचपी झालं आणि जगातल्या अर्ध्याअधिक साइट्स त्यावर उभ्या राहिल्या. बायोडाटा कोणाकोणाच्या हातून फिरतोय याची इतकी उत्कंठा आमच्या वधूवर सूचक मंडळांत वर्षानुवर्षं होती, पण तिचा असा उपयोग कुणाला सुचला नाही. जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइकने १९९५ च्या मे महिन्यात दहा दिवसांत उभी केली. आमच्याकडे गणपतीच्या मांडवाला याहून जास्त दिवस लागतात, आणि ज्याने तिच्यात काम केलंय तो सांगेल की मांडव जास्त भक्कम असतो. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. म्हणजे स्वातंत्र्यदिनीच आणखी एक दार उघडलं आणि तिथेही कुलूप कुणी आणलं नाही.

चहाच्या गाडीवरचे सगळ्यात ज्येष्ठ म्हणजे आमचे डीटीपीवाले भाऊ. त्यांचं नाव इथे देत नाही, कारण त्यांना ते फ्लेक्सवर चार फुटी छापून हवं असतं. भाऊ बारावीनंतर टायपिंगला गेले. मराठी तीस, इंग्रजी चाळीस, या दोन परीक्षा झाल्या की क्लार्कची जागा खिशात, असं त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं. भाऊ दोन्ही पास झाले तेव्हा कचेऱ्यांतून टाइपरायटर भंगारात निघाले होते. मग डीटीपी. पेजमेकर, कोरलड्रॉ, लग्नपत्रिका, दहावं-तेरावं, वास्तुशांत. २००१ नंतर एमकेसीएलचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम आला, सरकारी नोकरीला तो लागू लागला, तेव्हा भाऊ एका क्लासात शिकवायला लागले. त्यांच्या हाताखालून माउस धरायला शिकलेले कितीतरी शिक्षक आणि तलाठी आज त्यांना ओळख देत नाहीत. मग फ्लेक्स आला. फ्लेक्सच्या पाठोपाठ उमेदवार आले आणि एका निवडणुकीत एक उमेदवार म्हणाले, “भाऊ, वेबसाइट टाकून द्या आपली. रात्रीत.”

भाऊंनी रात्रीत टाकली. एका चांगल्या दिसणाऱ्या साइटवर उजवं बटण दाबलं, आतला मजकूर उघडला, कॉपी केला आणि फोटो बदलले. सकाळी साइट झकास उघडली. फक्त वरच्या पट्टीत ज्यांची मूळ साइट होती त्या परभणीकडच्या पुढाऱ्यांचं नाव तसंच राहिलं होतं. “उमेदवार पडले,” भाऊ सांगतात, “पण साइटमुळे नाही. साइट त्यांनी सोडून कोणी बघितलीच नव्हती.”

भाऊंची खरी विद्या वेगळीच आहे आणि ती कुठल्याही इंजिनीयरला कॉलेजात मिळत नाही. मराठी मजकूर वर्षानुवर्षं ज्या फॉन्टांत टाइप झाला ते फॉन्ट म्हणजे एक सोंग होतं. संगणकाला आत इंग्रजी अक्षरंच कळत. फॉन्ट फक्त त्यांना वरून देवनागरी मुखवटे चढवी. मुखवटा असलेल्या मशीनवर ‘स्नेहभोजन’ दिसे, आणि तोच मजकूर वेबवर टाकला की मुखवटा गळून कंस, टिंबं, डॉलरची चिन्हं यांची जत्रा. एकदा पुण्याहून नोकरी सोडून आलेला एक इंजिनीयर पोरगा एका सहकारी संस्थेचा अहवाल साइटवर चढवत होता. स्क्रीनवर नुसती गिचमीड. तो एन्कोडिंग बदलून बघतोय, काहीतरी डाउनलोड करतोय, घामाघूम. भाऊ बशीतला चहा फुंकत मागे उभे राहिले आणि त्या गिचमिडीवर बोट ठेवत सरळ वाचू लागले: “मा. अध्यक्ष आणि सन्माननीय सभासद बंधुभगिनींनो, अहवाल सालात संस्थेने...” पोरगा वळून त्यांच्याकडे बघतच राहिला. पंचवीस वर्षं तीच बटणं बडवल्यावर मुखवट्यामागचा चेहराही पाठ होतो. युनिकोडने देवनागरीला स्वतःच्या जागा दिल्या त्याला तीस वर्षं होऊन गेली, पण आपल्याकडच्या संस्थांचे अहवाल अजून मुखवटे घालूनच येतात आणि भाऊंचं पोट भरतं.

त्यांचा दुसरा हट्ट ‘दुसऱ्या’ या शब्दाचा. साइटवर हा शब्द ‘दुसर्या’ असा रफार चढून आला की भाऊंना जेवण जात नाही. तो अर्धा र नीट बसण्यासाठी जुन्या पद्धतीत दोन अक्षरांमध्ये एक न दिसणारं चिन्ह असतं आणि मजकूर इकडून तिकडे चिकटवताना ते वाटेत सांडतं, हे त्यांनी मला कागदावर काढून समजावलं. क्लायंटला यातलं काही कळत नाही. “त्याला कळत नाही म्हणून मी चुकीचं छापू?” भाऊ म्हणतात. चारशे रुपयांच्या कामाला एवढी निष्ठा मी प्रेसच्या गेटाबाहेर फारशी पाहिलेली नाही.

दुसरे आहेत हवालदार साहेब. तोफखान्यात सतरा वर्षं काढून चाळिशीच्या आत निवृत्त झाले आणि भगूरच्या बाजूला प्लॉट घेऊन इथलेच झाले. असे पुष्कळ आहेत. मूळ गाव सातारा नाहीतर अहिल्यानगर, पण हवा मानवली. निवृत्तीआधी जवानांना पुढच्या पोटापाण्यासाठी निरनिराळे कोर्स करता येतात. बहुतेक जण सिक्युरिटीकडे वळतात. सतरा वर्षं गेटच्या आत घालवलेला माणूस उरलेली वीस वर्षं गेटवर उभा राहतो, हा आमच्या गावातला ठरलेला मार्ग. हवालदार साहेबांनी संगणक निवडला. का? “बँकेच्या दारात स्टुलावर बंदूक घेऊन बसायचं आणि म्हाताऱ्यांना पैसे भरायच्या स्लिपा भरून द्यायच्या. त्यापेक्षा हे बरं. इथे निदान पंखा आपल्या बाजूला फिरवता येतो.”

त्यांचं एक काम मी जवळून पाहिलं. एका मंगल कार्यालयाची साइट होती. तारीख विचारायचा फॉर्म भरून बटण दाबलं की पान कोरं. ऐन लग्नसराई, कार्यालयवाल्याचे पाच-पाच मिनिटांनी फोन. दोन पोरं सहाशे ओळींचा कोड वरून खाली आणि खालून वर वाचत बसलेली. हवालदार साहेबांनी चष्मा लावला आणि म्हणाले, “वाचू नका. खालचं अर्धं बंद करा.” पोरांनी तीनशे ओळी बंद केल्या. चाललं. “म्हणजे शत्रू खालच्या अर्ध्यात. आता त्यातलं वरचं अर्धं उघडा.” कोरं. “बंद करा. त्याचं अर्धं उघडा.” सातव्या फेरीला चार-पाच ओळी उरल्या आणि त्यात सापडलं: कुणीतरी व्हॉट्सॲपवरून मजकूर चिकटवला होता आणि सरळ अवतरणचिन्हाच्या जागी शोभेचं, गोल वळणाचं आलं होतं. माणसाला दोन्ही सारखीच. यंत्राला गोल चालत नाही.

“हे तुम्ही कुठे शिकलात?” एका पोराने विचारलं.

“इथेच, तोफेवर. पहिला गोळा टार्गेटच्या पलीकडे टाकायचा, दुसरा अलीकडे. मग मधलं अंतर अर्धं करत यायचं. ब्रॅकेटिंग म्हणतात.” पोरं ज्या युक्तीसाठी परदेशी व्हिडिओ बघतात ती डोंगरापलीकडच्या रेंजवर रोज चालते आणि तिचा आवाज त्यांना लहानपणापासून ऐकू येतो.

खरं तर हवालदार साहेब वाट चुकून इकडे आले असं म्हणताच येणार नाही. संगणकाचं मूळ घराणंच तोफखान्याचं. एनिॲक हे अठरा हजारांच्या आसपास काचेच्या नळ्यांचं, तीस टनांचं धूड अमेरिकी सैन्याने १९४३ मध्ये करार करून बनवायला घेतलं ते तोफगोळ्यांच्या मार्गाची कोष्टकं मांडण्यासाठी. तोवर ती कोष्टकं तरुण मुली हाताने मांडत आणि त्या मुलींच्या हुद्द्याचं नावच ‘कॉम्प्युटर’ होतं. त्यांच्यातल्याच सहा जणींना या यंत्राला कामाला लावायला नेमलं. म्हणजे जगातल्या पहिल्या प्रोग्रामर मंडळींतही सरळ त्या पदासाठी आलेलं कोणी नव्हतं. यंत्र तयार झालं १९४५ च्या अखेरीला, महायुद्ध संपून गेल्यावर. प्रोजेक्टची डेडलाइन हुकण्याच्या परंपरेलाही इतकं भारदस्त मूळ आहे.

बाकीच्यांची नोंद धावती घेतो. एक जण हॉटेल मॅनेजमेंट केलेला. क्लायंटसमोर अजून मागे हात बांधून उभा राहतो. एक डी.एड. झालेली ताई. शिक्षकभरतीची वाट पाहता पाहता कोडिंग शिकली. पोरांच्या कोडवर लाल पेनाने शेरा मारते असा प्रवाद आहे. हे सगळे ज्याच्या नावाने चहा पितात तो मात्र देवळालीचा नाही. बीड जिल्ह्यातल्या सांगवी पाटणचे दादासाहेब भगत. इन्फोसिसच्या अतिथिगृहात महिना नऊ हजारांवर खोल्यांमध्ये चहापाणी पोचवायचं काम करत. तिथले लोक काय करून एवढ्या ऐटीत राहतात हे त्यांनी पाहिलं आणि ग्राफिक डिझाइन शिकले, मग प्रोग्रॅमिंग. लॉकडाउनमध्ये गावी परतले तर घरी रेंज नाही, म्हणून टेकडीवरच्या गुरांच्या गोठ्यात संगणक मांडून डूग्राफिक्स नावाचं डिझाइनचं सॉफ्टवेअर चालवलं आणि शार्क टँकपर्यंत पोचले. गोठ्याला दार असेल, पण गेट नक्कीच नव्हतं. उलट आमच्या नाशकात अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आयटीसाठी म्हणून रीतसर इमारत बांधली गेली, तर ती वर्षानुवर्षं ओस पडून राहिली. गेटबिट सगळं होतं तिला.

काम मिळालं तरी क्लायंट हा प्राणी उरतोच. देवळालीची हवा प्रसिद्ध. मुंबईच्या पारशी-गुजराती मंडळींनी हवापालटासाठी इथे सॅनिटोरियमं बांधली, त्यांतली पुष्कळ अजून चालू आहेत. अशाच एका ट्रस्टच्या साइटचं काम त्या पुण्याहून आलेल्या पोराकडे आलं. विश्वस्त काका मुंबईहून फोनवर: “बाकी सगळं राहू दे, दीकरा. पण इथली हवा दिसली पाहिजे.” पोराने झाडांचे फोटो लावले. “हे तर झाड आहे. हवा?” मग त्याने हलणाऱ्या फांद्यांचा व्हिडिओ लावला. पान इतकं जड झालं की उघडेचना. काकांचा फोन: “हवा अडकली रे.” हे सात महिने चाललं. देवळालीवर लिहिणाऱ्याने इथे बोटीची वाट बघून वेडावलेल्या गोऱ्या सोल्जरांची गोष्ट सांगायचीच असा दंडक आहे. मी एवढंच म्हणेन की त्यांना निदान बोट येणार हे माहीत होतं. क्लायंटच्या ‘ओके’ला टाइमटेबल नसतं. शेवटी काम मंजूर झालं आणि मोबदल्याच्या काही भागापोटी पोराला त्याच सॅनिटोरियममध्ये दोन रात्री मोफत राहायची सवलत मिळाली. त्याचं घर रस्ता ओलांडला की आहे. आईला घेऊन राहून आला. “हवा चांगली आहे,” म्हणाला.

आता म्हणे यंत्राला नुसतं सांगितलं की ते अख्खं पान बनवून देतं. चहाच्या गाडीवर त्यामुळे सध्या सुतक आहे. हॉटेल मॅनेजमेंटवाला परत हॉटेलात जायचं म्हणतोय, ताईने भरतीचा फॉर्म भरलाय. भाऊ तेवढे निवांत. त्यांनी टाइपरायटर जाताना पाहिला, पेजमेकर जाताना पाहिला, आणि हौसेने शिकलेलं फ्लॅश २०२० च्या ३१ डिसेंबरला कायमचं बंद पडलं तेव्हा त्या रात्री त्यांनी त्याच्याही नावाने एक कटिंग घेतला होता. त्यांनी त्या यंत्राकडून एका लग्नाचं निमंत्रणाचं पान करून घेतलं. मिनिटाभरात तयार, सुंदर, सोनेरी वेलबुट्टी. फक्त नवऱ्या मुलाच्या नावामागे ‘चि. सौ. कां.’ लागलं होतं आणि निमंत्रकांच्या यादीत सगळ्यात वर, ‘आपले विनीत’ म्हणून, कै. आजोबा हजर होते.

भाऊंनी दोन्ही दुरुस्त केलं आणि दुसऱ्याच दिवशी दुकानात नवा दरफलक लावला. मशीनचं पान, ५०० रुपये. माणसाने वाचलेलं, १५०० रुपये.

नवऱ्या मुलाच्या आई फलक वाचून म्हणाल्या, “वाचणार कोण?”

“मीच.”

“मग हजार करा. तुम्ही काय, घरचेच.”